'डिजिटल अटक' नावाची अटकच नाही
तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमचे आधार कार्ड मनी लाँडरिंगमध्ये वापरले गेले, असा फोन येतो. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातले 'साहेब', मागे भिंतीवर बोधचिन्ह, हातात शिक्क्याचे वॉरंट. कॅमेरा बंद करायचा नाही आणि घरात कुणाला सांगायचे नाही, ही पहिली अट; यालाच भामटे 'डिजिटल अटक' म्हणतात. खरी मेख इथेच आहे. शेजारच्या खोलीतल्या सुनेला नुसते विचारले तरी सोंग उघडे पडेल, म्हणून तर माणसाला एकटे पाडतात. आपल्या कायद्यात डिजिटल अटक हा प्रकारच नाही आणि 'पडताळणीसाठी' पैसे दुसऱ्या खात्यात वळवायला कोणतेही पोलीस सांगत नाहीत. सरळ फोन ठेवावा. साहेबांचा अपमान होईल या धाकाने निवृत्त, पापभीरू मंडळी तासन् तास बसून राहतात, आणि भामटे नेमके हेच हेरतात. पैसे गेलेच तर लाजेपोटी वेळ दवडू नये. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. बँकांनीही एखादे आजोबा घाईघाईने मुदत ठेव मोडायला आले, तर खिडकीवर दोन प्रश्न जास्त विचारावेत.

— एक वाचक