आई, बाबा, मी इथेच राहायचं ठरवलंय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की आई लगेच "जेवलीस का" वर येते आणि बाबा फोन दादाकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला सांगितलंय की मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, बाबांनी त्या डोळ्याने मोबाइलवर वाचत बसायचं नाही.

मी इथली, रोममधली, शिकवायची नोकरी घेतलीय. कायमची. सही झालीय, आत्ता तात्पुरते वर्ग घेते, ऑक्टोबरपासून कायमचे माझे वर्ग सुरू होतील. अंतोनियानुम विद्यापीठातच, जिथे पीएचडी केली तिथेच. आई, तुझ्या पदुआच्या संत अँथनीच्या नावाचं विद्यापीठ आहे हे, तू त्यांची मंगळवारची नोवेनाची प्रार्थना कधी चुकवली नाहीस आणि तुझी मुलगी त्यांच्याच दारात येऊन बसलीय, एवढं तरी धरून चल.

तुम्हाला वाटत होतं की डिग्री झाली की मी वसईला येणार, मुंबईत कुठेतरी शिकवणार आणि संध्याकाळच्या विरार लोकलने घरी. मलाही तसंच वाटत होतं, खरंच. पण मी ज्याच्यावर काम करते ना, जॉन डन्स स्कोटस, मध्ययुगातला फ्रान्सिस्कन पंडित, तो 1308 मध्ये जर्मनीतल्या कोलोनला वारला, जेमतेम चाळिशी ओलांडलेला, आणि मागे अर्धवट लिहिलेलं, सुधारलेलं, विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेलं असं सगळं सोडून गेला. कुठलं त्याचं आणि कुठलं दुसऱ्याने घुसवलेलं हे जुन्या हस्तलिखितांवरून ठरवत बसावं लागतं. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या शुद्ध आवृत्तीचा पहिला खंड 1950 ला आला आणि शेवटचे खंड यायला हे शतक उजाडलं. ते काम करणारी माणसं, ती लायब्ररी, ते जुने खंड इथे हाताशी आहेत. घरी बसून नेटवर थोडं होतं, पण थोडंच.

बाबा, तुम्ही एकदा म्हणाला होतात की एवढं शिकून शिकून श्रद्धा उडते माणसाची. ते माझ्या डोक्यात राहिलंय. ही भीती खुद्द असिसीच्या संत फ्रान्सिसलाही होती हो, ज्यांच्या संघातले अँथनी आणि स्कोटस. अँथनीने बांधवांना थिऑलॉजी शिकवू का विचारलं तेव्हा त्यांनी चार ओळींचं पत्र लिहिलं, शिकव, मला आनंदच आहे, फक्त त्या अभ्यासात प्रार्थनेचा आत्मा विझू देऊ नकोस. माझ्या टेबलासमोर ते लावलंय. रोज सकाळी मिस्सा, मग कॉफी, मग पुस्तक, हा क्रम मी मोडत नाही.

आणि आई, तुला ती दुसरी काळजी आहे ते मला ठाऊक आहे. धड सिस्टर नाही, धड संसार नाही, लोकांना काय सांगायचं. सांग की शिकवते. याच विद्यापीठात 2014 ला सिस्टर मेरी मेलोन रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाल्या, रोममधल्या पोपच्या विद्यापीठाची रेक्टर झालेली पहिली बाई, आणि त्यांचा अभ्यास कशावर, तर संत अँथनीवर! त्या सिस्टर आहेत, मी नाही, ते कळतं मला. पण वर्गात समोर ब्राझीलचे, पोलंडचे, काँगोचे, केरळचे तरुण ब्रदर बसतात आणि साध्या कुर्त्यातल्या बाईकडून शिकून घेतात, कुणाला काही वाटत नाही. लग्नाचं दार मी बंद केलेलं नाही. एवढंच आत्ता.

आता जे फोनवर कधीच बोलता आलं नाही ते लिहिते, आई, हळू वाच.

छोट्या गेला त्या वर्षी घरात जे लोक येऊन बसायचे, त्यातली एक बाई ओट्यावर म्हणाली होती ते मी ऐकलेलं. तू काही बोलली नाहीस, भांडी घासत राहिलीस. पण नंतर कितीतरी वर्षं तू रोझरी संपली की वेगळं थांबून क्षमा मागायचीस, कशाची ते मला विचारायची हिंमत नव्हती. मी लहान होते, तुझ्या पदराला धरून बाजूला बसायचे आणि मलाही वाटायचं की आपल्याच घरात कुणीतरी काहीतरी केलं असणार.

स्कोटस वाचायला घेतला तो या गोष्टीसाठी नाही, पण धरून राहिले ती याच्याचसाठी. बहुतेक मोठे पंडित म्हणत होते की माणसाने पाप केलं म्हणून देवाला माणूस व्हावं लागलं. स्कोटस म्हणतो, नाही. आदामाने पाप केलं नसतं तरी ख्रिस्त आला असता, कारण देवाच्या मनात पहिल्यापासून ते होतंच, प्रेमापोटी. म्हणजे सगळ्याची सुरुवात आपल्या चुकीपासून होत नाही गं. छोट्याचं का झालं याचं उत्तर यात नाही आणि ते माझ्याकडेही नाही. पण देव आपल्याकडे हिशेबाची वही घेऊन आला होता हे मी आता मानत नाही, आणि तूही मानू नयेस असं मला फार वाटतं. आणि तो म्हणतो की प्रत्येक गोष्ट देवाने ती एकटी, तीच म्हणून बनवलीय. बाबांना वाडीतली प्रत्येक केळ वेगळी ओळखता येते ना, तसं देवाला आपला छोट्या. दुसरा कुणी नाही, तोच. हे शिकवताना वर्गात माझा आवाज बदलतो, मुलांना कारण माहीत नसतं.

आठ डिसेंबरचा सण आपण करतो ना, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा, त्याची बाजू याच माणसाने पॅरिसमध्ये लढवली, आणि चर्चने 1854 ला ते सिद्धांत म्हणून जाहीर केलं. तेव्हा फादरांनी विचारलं मुलगी काय शिकवते तर हे सांगा, त्यांना लगेच कळेल.

आई म्हणाली होती की वसईचा गोन्सालो गार्सिया पण फ्रान्सिस्कन झाला आणि परत आलाच नाही. अगं, तो 1597 ला नागासाकीला क्रुसावर गेला, मी रोमला वर्गात जाते! तेव्हा जहाजाला किती महिने लागायचे, मला विमानाने एक दिवस. इथे उन्हाळ्याची सुट्टी लांब असते, म्हणजे दरवर्षी जुलैमध्ये येईन आणि ऑगस्ट पूर्ण घरी. मुंबईत नोकरी असती तर रात्री नऊला दमून आले असते आणि रविवारी झोपले असते, त्यापेक्षा हे बरं की नाही सांगा. बाबा, पानवेलीच्या मांडवाचं काम तेव्हा करू, तोवर त्याला हात लावू नका.

माझी काळजी नको. खोली विया मेरुलानाच्या बाजूलाच, थंडीत हीटर असतो, स्वयंपाकघर दोघींत आहे. पियात्सा वित्तोरियोजवळच्या एस्क्विलिनोच्या मंडईत भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं, चालत जाते. बॉटल मसाला अजून अर्धी बाटली आहे. नाताळला गोठा मी इथेही मांडते, ग्रेच्योला 1223 मध्ये फ्रान्सिसनेच तो पहिला मांडला होता, तेव्हा माझ्या कामात धरला तरी चालेल. पगार फार नाही पण पुरतो, आणि दर महिन्याला थोडे दादाच्या खात्यावर टाकणार, नको म्हणायचं नाही.

आता ऐका. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाच्या आधी, तारीख दादाने घ्यायची आणि बाबांनी पुढे ढकलायची नाही. शुगरची गोळी जेवणाच्या आधीची ती आधीच, "नंतर घेतली तरी चालते" असं डॉक्टर म्हणालेले नाहीत, बाबा, तुम्ही म्हणालात. नारळावर चढायचं नाही, माणूस बोलवा. बावखलाच्या काठाला शेवाळ असतं, पंप सुरू करायला एकटं जाऊ नका. आई, पहाटेच्या मिस्साला अंधारात चालत जाऊ नकोस, रिक्षा सांग, गुडघा आहे तो. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा आहे, त्याचे पैसे पाठवलेत, ते दुसरीकडे खर्च करू नका. आणि काही दुखलं तर मला त्याच दिवशी सांगा, "पोरगी लांब आहे, कशाला" असं करत बसू नका, मला नंतर दुसऱ्याकडून कळलं की जास्त त्रास होतो.

मला ओरडायचं असेल तर ओरडा, मी ऐकून घेईन. रविवारी तुमच्या चार वाजता फोन करते, दोघंही बसून राहा, बाबांनी फोन दादाकडे द्यायचा नाही.

तुमची,
बाय

ता. क. आई, सुकेळी पाठवू नकोस, पार्सल अडकतं, मी आले की खाईन. बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो दादाला पाठवायला सांग.