जांघेतली गाठ

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद,

फोनवर तू ‘गाठ’ म्हणालास आणि एकदम गप्प झालास. मनात काय आलं असेल ते कळलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पायाच्या अंगठ्याला पत्रा लागला, जखम चिघळली आणि त्याच बाजूच्या जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ आली. जखमेमुळे येणाऱ्या अशा गाठीला अवधाण म्हणतात. घाबरू नकोस, पण ती दाबून बघणंही बंद कर.

रक्तवाहिन्यांतून पाणी सतत झिरपत असतं. त्यातलं दिवसाला तीनेक लिटर लसिकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्या गोळा करतात (या पाण्यालाच लसिका म्हणतात) आणि गळ्याच्या बुडाशी मोठ्या शिरेत परत सोडतात. त्यांच्यामागे हृदयासारखा पंप नाही. पोटरी आवळली, श्वास आत घेतला की लसिका वर सरकते आणि झडपा तिला मागे येऊ देत नाहीत. आपल्या पूर्व विदर्भात हत्तीपाय झालेली माणसं तू पाहिली आहेस. डासामार्फत शिरलेले जंत याच वाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात, झडपा निकामी होतात आणि पाणी पायातच साठत जातं.

या वाटेवर जागोजागी गाठी असतात, अंगभर सहाशेच्या आसपास. तुझ्या अंगठ्यात काही तासांतच पांढऱ्या पेशी येऊन जंतू गिळायला लागल्या असतील; पू म्हणजे बहुतांशी त्याच मेलेल्या पेशी. पण खरी गंमत जांघेत चालली आहे. प्रत्येक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) एकाच ठरावीक आकाराला ओळखते. तुझ्या जखमेतल्या जंतूला ओळखणारी लाखांत एखादीच. ती फिरत फिरत नेमकी अंगठ्यापाशी कधी पोचणार? म्हणून जखमेतल्या डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन गाठीत येतात आणि तिथून जाणाऱ्या लिम्फोसाइटना ते दाखवत राहतात. जुळणारी सापडली की ती भराभर विभागते. त्यातल्या काही पेशी पुढे सेकंदाला हजारो प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सोडतात. इतकी गर्दी झाल्यावर गाठ सुजणारच.

डेंड्रायटिक पेशी राल्फ स्टाइनमन या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये जगापुढे आणल्या. 2011 मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं, पण त्याच्या तीनच दिवस आधी ते गेले होते. वर्गात हे सांगताना मला दरवेळी चुटपुट लागते.

एका बाबतीत मात्र शरीरावर विसंबू नकोस. धनुर्वाताचं विष इतकं जहाल असतं की जीव घेणारी मात्राही प्रतिकारशक्ती जागी करायला अपुरी पडते. धनुर्वातातून वाचलेल्यालाही पुन्हा तो होऊ शकतो, लसच हवी. तुझं शेवटचं इंजेक्शन सोळाव्या वर्षी झालं, त्याला पाच वर्षं उलटून गेली आणि जखम गंजक्या पत्र्याची. तेव्हा पत्र वाचलंस की आजच दवाखान्यात जा. जखम डॉक्टरांना धुऊन घेऊ दे. मित्राच्या कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नकोस. लागतील तर डॉक्टर देतील.

पायावरून वर चढणारी लाल रेघ दिसली किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्रीसुद्धा थांबू नकोस. जखम भरल्यावरही गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, किंवा न दुखता टणक होत वाढली, तर तपासून घ्यायची. बाबा रविवारी तिकडे येताहेत, तोवर रोज संध्याकाळी अंगठ्याचा फोटो पाठव.

तुझी,
आई