भोर घाटात बँकर बघायला ये

बदलापूर,
आषाढ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. नोकरी सुटली, आता कुठेतरी जाऊ या म्हणतोस, आणि पुढच्याच ओळीत देवदर्शन नको, समुद्र नको असंही लिहितोस. मग ऐक. तीन-चार दिवसांची सवड काढून माझ्याकडे ये. आपण भोर घाटात गाड्या बघू. गाडीत बसून घाट सगळेच बघतात. आपण बाहेर उभं राहायचं आणि गाडी घाट कसा चढते ते बघायचं.

तू मला धूळघाटाला नेलं होतंस ते मी विसरलेलो नाही. मीटरगेजची ती गाडी मेळघाटातल्या डोंगरात गोल फिरून स्वतःच्याच रुळांवरून पुलानं पलीकडे गेली, आणि तू खिडकीतून ओरडलास, "खाली बघ, आत्ता तिथून आलो!" तो मार्ग बंद झाला. नवी ब्रॉडगेज जंगलातून न्यायची की बाहेरून, यावर किती वर्षं वाद चालला तो तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलास. वाघांचं जंगल वाचलं पाहिजे हे मलाही पटतं. पण ती गाडी तू मला वेळेत दाखवलीस, याचं मोल मला आता कळतं. म्हणून या वेळी माझी पाळी.

भोर घाटात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे बँकर, चढावर गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं. कर्जत ते लोणावळा जेमतेम 28 किलोमीटर, पण चढ 37 फुटांत एक फूट. रेल्वेच्या हिशेबात हा चढ भयंकर. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक घसरतं, आणि पुढच्या एका इंजिनानं सगळी गाडी ओढायची म्हटलं तर डब्यांच्या जोडण्यांवर जीवघेणा ताण येतो. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला दोन-तीन इंजिनं लागतात आणि ती मागून ढकलतात. कर्जतच्या फलाटावर गाडी थांबली की प्रवासी वडापावकडे धावतात. आपण उलट्या दिशेनं, शेवटच्या डब्याकडे जायचं. बँकर हळूच येऊन टेकतात, कपलिंग होतं, ब्रेकची तपासणी होते. मग पुढचं इंजिन शिटी देतं, मागची उत्तर देतात आणि गाडी हलते. गाडी नजरेआड झाल्यावरही मागच्या इंजिनांची घरघर डोंगरातून येत राहते. ती तुला ऐकवायची आहे.

उतरणीचीही गंमत आहे. लोणावळ्याकडून खाली येणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर काय, याची सोय इंग्रजांच्या काळापासून केलेली आहे. मंकी हिल आणि ठाकूरवाडीजवळ कॅच सायडिंग आहेत. सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारी जोडणी, एरवी मुख्य मार्गाकडे नसतोच. तो चढावर जाणाऱ्या आंधळ्या रुळाकडे लावलेला असतो. गाडी आधी पूर्ण थांबते, ताब्यात आहे हे सिद्ध करते, तेव्हाच तिला पुढची वाट मिळते. न थांबलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप अडते. इतकी साधी आणि इतकी शहाणी रचना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि हा घाट बांधला कोणी! काम 1856 साली सुरू झालं आणि 1863 मध्ये गाडी वर पोचली. 25 बोगदे, ऐन कामाच्या दिवसांत चाळीस हजारांवर मजूर. कॉलऱ्यानं, तापानं, सुरुंगांनी हजारो माणसं गेली, आणि त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली इथे येताच काही आठवड्यांत वारला, तेव्हा त्याची बायको अॅलिस हिनं कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि काम तडीस नेलं. पूर्वी घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशनही होतं. डोंगरावर वळायला जागाच नव्हती, म्हणून गाडी तिथे थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावत आणि उलट्या दिशेनं वर नेत. 1929 मध्ये मार्ग बदलला, तेव्हा ते सुटलं.

घाई कशासाठी, तेही सांगतो. 2023 पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या डब्यांनाच चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी आहेत. गाडी चांगलीच आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण उद्या सगळ्याच गाड्या अशा झाल्या, तर कर्जतला मागून इंजिन लावायचं कारणच उरणार नाही. मालगाड्या आहेत तोवर बँकर राहतील असं मला वाटतं, तरी डेक्कन क्वीनच्या शेपटीला ते लागताना तू आणि मी एकत्र बघावं, एवढी माझी इच्छा आहे.

आता तारखा. आषाढ-श्रावणात येऊ नकोस. धबधबे भरात असतात, पण खंडाळ्याला धुकं असं उतरतं की दहा हातांवरची गाडी नुसती ऐकू येते. शिवाय दरडी, रद्द गाड्या, शनिवार-रविवारची ती गर्दी. मला पितृपक्ष बरा वाटतो. पाऊस ओसरलेला, डोंगर हिरवे, कड्यांवर पाणी अजून असतं आणि लोणावळ्यात खोल्या रिकाम्या. एकच गोष्ट सोडावी लागेल: नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी तेव्हा पावसाळ्यामुळे बंद असते. माथेरानच्या अलीकडच्या अमन लॉज स्टेशनपासूनची शटल चालू असते, पण मला ती अर्धवट वाटते. त्यासाठी पुन्हा थंडीत ये.

पहिला दिवस कर्जतला काढू, दुपारपासून डेक्कन क्वीन जाईपर्यंत. प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तासांचं असतं, तेव्हा मध्ये बाहेर येऊन जेवू आणि नवं तिकीट काढू. मग वर जाऊन खंडाळ्यात स्टेशनजवळ मुक्काम. रात्रीच्या मालगाड्या अंथरुणातून ऐकू येतील अशी खोली मी शोधतो आहे. परतताना डेक्कन एक्सप्रेसच्या काचेच्या डब्यातून घाट उतरू. मंकी हिलपर्यंत रुळांवरून चालत जाणारी पोरं तू पाहिली असशील. ते आपण करायचं नाही. तो गुन्हा तर आहेच, पण बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते, आणि गँगमन लोकांचं काम आपल्यापायी अडावं हे मला सहन होणार नाही.

दुर्बीण आण. छत्री माझ्याकडे जास्तीची आहे. गुडघ्यांचं काय ते खरं सांग, म्हणजे राजमाची पॉइंटला रिक्षा करू.

काकांची तिथी कोणती, ते आधी कळव. ती सोडून मधले दिवस धरू. आरक्षण 60 दिवस आधीच उघडतं, त्यामुळे आठवड्याभरात तुझं उत्तर आलं तर अकोल्याहून रात्रीच्या गाडीत तुला खालची बर्थ मिळेल. वहिनी येणार असतील तर फारच छान, सुमनही येईल, आणि मग दोन खोल्या सांगतो.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार.

तुझा,
विनायक