कंपनी मत देत नाही, खरंय रे ओम्या

प्रिय ओम्या,

रविवारी फोनवर तू म्हणालास ना, "आई, कंपनी काही रांगेत उभी राहून मत देत नाही, मग तुम्ही लोक कंपन्यांना एवढे का घाबरता", तेव्हा मी नुसतं हं म्हटलं कारण तुला मीटिंगला पळायचं होतं. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मी २६ वर्षं सेक्रेटरियल डिपार्टमेंटला काढली, बोर्डाचे मिनिट्स टाइप कर, ठराव लिही, नोटिसा काढ, मेमोरँडमच्या (म्हणजे कंपनी कशासाठी काढली ते सांगणारा तिचा मूळ कागद) कॉप्या साक्षांकित करून आण, त्यामुळे कंपनी मला बिल्डिंग किंवा मशिनं म्हणून कधी दिसलीच नाही, मला ती कागद म्हणूनच दिसते. आणि घाबरत बिबरत नाही हां मी, तुझ्या कॉलेजची फी त्याच कागदाने भरली आहे.

कंपनी आभाळातून पडत नाही, कुणीतरी सही करून तिला जन्माला घालतं. आणि सही करणारा अटी घालू शकतो, एवढं एक लक्षात ठेव, बाकी सगळा इतिहास या अटी कशा गळत गेल्या त्याचाच आहे असं माझं मत.

ईस्ट इंडिया कंपनीच घे. ३१ डिसेंबर १६०० ला राणी एलिझाबेथने सनद दिली, किती वर्षांची? १५. म्हणजे सुरुवातीला कंपनी हे मुदतीवर दिलेलं प्रकरण होतं. पुढे मुदत सैल झाली, कंपनी मोठी झाली, आणि १७६५ ला बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी दिली. शाळेत आपण हे एका ओळीत पाठ करतो, पण थांबून बघ जरा, लंडनमध्ये बसलेल्या शेअरहोल्डरांच्या कंपनीला कोट्यवधी लोकांकडून सारा वसूल करायचा हक्क मिळाला, आणि त्या लोकांना त्या शेअरहोल्डरांना काही विचारायची सोय शून्य. १७७० च्या दुष्काळात माणसं मेली तरी वसुली थांबली नाही. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) एवढं करून १७७२ ला कंपनीच कंगाल, सरकारकडे हात पसरले, १७७३ ला १४ लाख पौंडांचं कर्ज मिळालं. वर गोदामात पडून राहिलेला चहा खपावा म्हणून त्याच वर्षी वेगळा कायदा झाला, त्या चहाच्या पेट्या बॉस्टनच्या लोकांनी समुद्रात फेकल्या, तो किस्सा तुला माहीतच आहे.

आता तू विचारशील की तिथे तर पार्लमेंट होती, लोकशाहीची आजी म्हणतात तिला, ती काय करत होती? अरे कित्येक खासदारांकडे कंपनीचेच शेअर. इथून पैसा करून परत गेलेल्या लोकांना तिकडे नेबॉब म्हणायचे आणि ते पैसे टाकून मतदारसंघ मिळवायचे. क्लाइव्ह स्वतः खासदार होता, १७७३ ला त्याची चौकशी झाली तीही त्याच सभागृहात, आणि शेवटी त्याने देशाची मोठी सेवा केली असा ठराव करून मोकळे झाले. मी इतके ठराव लिहिलेत आयुष्यात की असला ठराव वास घेऊन ओळखते.

पण या गोष्टीतला मला आवडणारा भाग पुढे आहे आणि तो कुणी सांगत नाही. १७९३ पासून दर २० वर्षांनी सनद नूतनीकरणाला येऊ लागली, आणि दर वेळी पार्लमेंटने काहीतरी काढून घेतलं. १८१३ ला भारतातल्या व्यापाराची मक्तेदारी गेली, १८३३ ला व्यापारच गेला. (आता व्यापार काढून राज्य करणं तेवढं ठेवलं आणि शेअरहोल्डरांना साडेदहा टक्के लाभांश इथल्या महसुलातून चालू, हे मात्र मला अजून पचत नाही, दुकान बंद पण गल्ला चालू.) १८५८ ला राज्य गेलं, १८७४ ला कंपनी विसर्जित. तर जगातली सगळ्यात ताकदवान कंपनीसुद्धा तारखेला घाबरायची. नूतनीकरणाची तारीख आली की कंपनीला उत्तरं द्यावी लागायची, हिशेब मांडावे लागायचे. सत्तावन्नचं बंड झालं नसतं तर काय झालं असतं ते सोड, पण १८५३ पर्यंत तरी तारीख होती.

अमेरिकेतही आधी असंच होतं. पूल बांधायचा, कालवा खणायचा तर राज्याच्या विधिमंडळाकडून सनद आणायची, त्यात काम कोणतं आणि बऱ्याचदा किती वर्षं तेही लिहिलेलं. मग हळूहळू फॉर्म भरा, फी भरा, कंपनी घ्या असं झालं, ते एका परीने बरंच होतं कारण नाहीतर सनद फक्त वशिल्याच्या लोकांना मिळायची. पण मग राज्याराज्यांत चढाओढ लागली. १८८९ ला न्यू जर्सीने एका कंपनीला दुसऱ्या कंपनीचे शेअर धरायची मोकळीक दिली, सगळे मोठे ट्रस्ट (धर्मादाय नव्हे, अनेक कंपन्या एका मुठीत धरणारे गट) तिकडे पळाले, रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइलसुद्धा तिथेच. १९१३ ला तिथल्या गव्हर्नरने, म्हणजे नंतर प्रेसिडेंट झालेल्या वुड्रो विल्सनने, नियम कडक केले तर कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि शेजारच्या डेलावेअरला गेल्या, अजून तिथेच आहेत, अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त मोठ्या कंपन्या आज कागदोपत्री त्या एवढ्याशा राज्याच्या रहिवासी आहेत. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने नियम केला, तर कंपनी नियमच बदलून घेते नाहीतर पत्ता बदलते. तू पत्ता बदललास तर मतदार यादीत नाव घालायला किती खेटे घालावे लागले आठव.

आता माझा सगळ्यात लाडका किस्सा, मिनिट्स टाइप करणाऱ्या बाईला हाच आवडणार. गुलामगिरी संपल्यावर १८६८ ला अमेरिकेच्या घटनेत १४ वी दुरुस्ती झाली, कायद्याचं समान संरक्षण प्रत्येक 'व्यक्ती'ला, उद्देश काय तर मुक्त झालेल्या माणसांना हक्क मिळावेत. रेल्वे कंपन्यांचे वकील म्हणाले, कंपनी पण व्यक्तीच की. १८८६ ला कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा काउंटीची सदर्न पॅसिफिक रेल्वेविरुद्ध टॅक्सची केस सुप्रीम कोर्टात आली. न्यायाधीशांनी निकाल कशावर दिला माहितीये? रुळांच्या कडेच्या कुंपणावर. टॅक्स लावताना राज्याच्या बोर्डाने कुंपणाची किंमत धरली, तो त्यांचा अधिकार नव्हता, टॅक्स रद्द, संपलं. कंपनी ही व्यक्ती आहे का नाही यावर निकालपत्रात एक अक्षर नाही. पण निकाल छापायचं काम ज्याच्याकडे होतं त्या कोर्ट रिपोर्टरने, बॅनक्रॉफ्ट डेव्हिस त्याचं नाव, वर टीप टाकली की युक्तिवादाआधीच सरन्यायाधीश म्हणाले, कंपन्यांना ही दुरुस्ती लागू आहे असं आम्ही सगळे मानतो, त्यावर वाद ऐकायचा नाही. त्याने छापण्याआधी सरन्यायाधीश वेट यांना पत्र लिहून विचारलंही होतं, त्यांनी कळवलं की आम्ही घटनेचा प्रश्न टाळलाय, टीप घालायची का ते तुम्ही ठरवा. त्याने घातली. आणि हे डेव्हिससाहेब आधी स्वतः एका छोट्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होऊन गेलेले! तीन वर्षांत सुप्रीम कोर्टच त्या केसचा दाखला द्यायला लागलं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते इतकं शब्दशः मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

म्हणून मी तुला लहानपणी सांगायचे की जे ठरलं तेच मिनिट्समध्ये लिहायचं. तू हसायचास.

आणि मग पैसा. १८९६ च्या अमेरिकी प्रेसिडेंटच्या निवडणुकीत उमेदवार मॅकिन्लीसाठी त्याचा प्रचारप्रमुख मार्क हॅनाने बँकांकडून त्यांच्या भांडवलाच्या पाव टक्का असा रीतसर रेट लावून वर्गणी गोळा केली, एकट्या स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख डॉलर दिले. १९०५ च्या चौकशीत निघालं की विमा कंपन्या पॉलिसीवाल्यांचा पैसा प्रचाराला देत होत्या, म्हणजे तुझा विमा आणि उमेदवार साहेबांच्या पसंतीचा. लोक भडकले, १९०७ ला कायदा झाला, कंपन्यांना उमेदवारांना पैसे द्यायला बंदी. १९११ ला स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे. म्हणजे लोकांनी मनावर घेतलं की होतं, हे पण लिहिते, नाहीतर म्हणशील आई नुसतं रडगाणं गाते.

मग १९७१ ला लुईस पॉवेल नावाच्या वकिलाने तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सला, म्हणजे उद्योगांच्या संघटनेला, एक खासगी टिपण लिहिलं की उद्योगांनी राजकारणात, विद्यापीठांत, कोर्टात संघटित होऊन उतरलं पाहिजे. दोन महिन्यांत त्यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी पुढे आलं, आणि १९७८ ला कंपन्यांना सार्वमताच्या प्रचारात पैसा ओतायचा हक्क आहे हा ५ विरुद्ध ४ निकाल लिहिला कुणी, तर त्यांनीच. त्या वेळी विरोधी मत देणारे रेन्क्विस्ट हे चांगले कडक उजव्या विचारांचे, पण त्यांनी लिहिलं की ज्यांना न संपणारं आयुष्य आणि मर्यादित जबाबदारी कायद्यानेच दिली त्यांच्या हातात राजकारण देण्यात वेगळा धोका आहे. माझं म्हणणं हेच, फक्त ते न्यायमूर्ती होते आणि मी टायपिस्ट. २०१० ला त्याच कोर्टाने प्रचारावरच्या स्वतंत्र खर्चाची, म्हणजे उमेदवाराच्या हातात न देता कंपनीने स्वतःच करायच्या खर्चाची, उरलीसुरली दारंही उघडली, परत ५-४.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाचं थोडक्यात. तिथे केळी पिकवणाऱ्या अमेरिकी युनायटेड फ्रूट कंपनीने टॅक्स वाचवायला जमिनीची किंमत कमी दाखवली होती. निवडून आलेल्या आर्बेन्झ सरकारने कंपनीची पडीक जमीन घेतली आणि भरपाई त्याच दाखवलेल्या किमतीने देऊ केली, सव्वासहा लाख डॉलरच्या आसपास. कंपनीच्या वतीने अमेरिकी सरकारने मागितले १ कोटी ५८ लाख. १९५४ ला सीआयएने सरकारच पाडलं. कंपनीसाठीच पाडलं का कम्युनिझमच्या भीतीने यावर इतिहासकार भांडतात, असेल दोन्ही, पण ते टॅक्सचं डिक्लेरेशन मला फ्रेम करून लावावंसं वाटतं.

आणि आपल्याकडे? १९५७ ला टाटा स्टीलला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून मेमोरँडम बदलायचं होतं, प्रकरण मुंबई हायकोर्टात. न्यायमूर्ती छागलांनी कायद्यात बसतं म्हणून परवानगी दिली, पण लिहून ठेवलं की हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा घोटू शकतो, संसदेने बघावं. संसदेने १९६९ ला बंदी घातली, १९८५ ला उठवली, २०१३ च्या कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के मर्यादा ठेवली, २०१७ ला तीही काढली. म्हणजे तोट्यातली कंपनी पण देऊ शकत होती, आता सांग तोट्यातली कंपनी कुणाचे पैसे देत असेल. निवडणूक रोख्यांवर तर देणाऱ्याचं नावही नसायचं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने रोखे आणि ती मर्यादा काढून टाकणं दोन्ही घटनाबाह्य ठरवलं.

मी ज्या कंपनीत होते, नाव राहू दे, तिथे एकदा असा ठराव आला होता. अजेंड्यात नव्हता, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय' म्हणून. मी मान खाली घालून शॉर्टहँड घेत होते, कुणी काही विचारलं नाही, एका डायरेक्टरने घड्याळ बघितलं. रकमेची जागा मोकळी ठेवा, नंतर सांगतो म्हणाले. मी ठेवली. तीन दिवसांनी पेनाने आकडा आला, मी तो टाइप केला आणि पान चिकटवलं. डेव्हिससाहेबांना नावं ठेवताना हे आठवतं मला. तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुला तुझ्या कंपनीने शेअर दिलेत ना, म्हणजे आता तू मालक आहेस, चिमूटभर का होईना. असल्या देणगीला शेअरहोल्डरांना विचारावं लागत नाही, बोर्डाचा ठराव पुरतो, पण आकडा नफा-तोटा पत्रकात दाखवावा लागतो. वार्षिक अहवालाचा ईमेल आला असेल, तू न उघडताच डिलीट केला असशील. ट्रॅशमध्ये बघ. हिशेबाच्या मागच्या नोट्समध्ये 'इतर खर्च' म्हणून तक्ता असतो, त्यात राजकीय देणगी अशी ओळ आहे का बघ, बारीक अक्षर असतं पण तुला अजून चष्मा नाही. असली तर फोटो काढून पाठव मला.

तुझी,
आई