पाणथरी फाटली की काढायचीच, असं नाही

संपादक साहेब,

बाइक घसरून डाव्या बरगड्यांवर मार बसला आणि सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं की नातेवाईक एकच विचारतात, ऑपरेशन कधी? आपण थांबूया म्हटलं की त्यांना टाळाटाळ वाटते. पण तसं नसतं हो. पाणथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखालचा अवयव, ती किती फाटलीय हे सीटी स्कॅनवर बघून 1 ते 5 ग्रेड देतात, चीर 1 सेंटिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर ग्रेड 1, 3 सेंटिमीटरच्या पुढे गेली की 3, पार चिंधड्या झाल्या तर 5. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जन्सच्या संघटनेने 2018 मध्ये रक्तवाहिनीची इजाही यात धरली, म्हणजे चीर लहान असली तरी पाणथरीच्या आतल्या आत रक्त वाहताना दिसलं की ग्रेड थेट 4.

पण नुसत्या ग्रेडवर काही ठरत नाही, हे जास्त महत्त्वाचंय. सलाइन, रक्त देऊनही बीपी टिकत नसेल तर स्कॅनसाठी न थांबता थिएटरमध्ये न्यायचं. बीपी स्थिर असेल तर ग्रेड 3 सुद्धा बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय बरी होते, फक्त आयसीयू, पुन्हा पुन्हा हिमोग्लोबिन आणि सर्जन हाताशी हवा. ग्रेड 4 मध्ये अँजिओग्राफी करून रक्तवाहिनी आतून बंद करता येते, पण ती सोय तालुक्याला कुठंय? असा पेशंट कुठं पाठवायचा हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आधीच ठरलेलं पाहिजे.

आणि काढावीच लागली तर काही जंतूंशी लढायची शरीराची ताकद कमी होते, म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या जंतूंविरुद्धच्या लशी विसरू नका, डिस्चार्ज कार्डावर तसं लिहून घ्या आणि पुढे कधीही ताप आला तर लगेच डॉक्टर गाठा.

– एक सर्जन, सातारा