माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टर गाठा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गांजा पकडल्याची, नाहीतर गोव्याची दारू चोर्ल्याच्या वाटेवर जप्त झाल्याची बातमी आपल्या अंकात अधूनमधून असतेच. किती माल, किती किंमत, कोणतं ठाणं, सगळं कळतं. पण ज्याला ती वस्तू रोज लागत होती आणि उद्यापासून मिळणार नाही, त्याचं परवा रात्री काय होतं याबद्दल कुणी लिहीत नाही. खानापूर तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. अशा माणसांच्या घरचे रात्री-अपरात्री आधी माझंच शटर वाजवतात, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे दारू सोडवायच्या रीती ठरलेल्या आहेत. देवळात नेऊन भंडारा उचलायला लावायचा, आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा, नाहीतर पंढरपूरला नेऊन माळ घालायची. माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे ही गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही. संध्याकाळी बाटलीऐवजी भजनाला बसायला जागा आणि चार माणसं मिळतात, हे काही थोडं नव्हे. माझं सांगणं फक्त त्या शपथेनंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांपुरतं आहे.

मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनातून. पहिलीच्या टोकाशी रसायन सुटतं, दुसरीवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन ओळखून पकडणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं, आणि ती दुसरी एकतर चेतते किंवा शांत होते. शांत करणारं मुख्य रसायन गाबा, चेतवणारं ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरला दाबून धरते. दोन घोट गेल्यावर हातपाय सैल पडतात ते यामुळे. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू याची भरपाई करून घेतो. गाबाचे रिसेप्टर मंद पडतात, एनएमडीए वाढतात. रस्सीखेचीत समोरच्या गड्याने अचानक दोर सोडला की ओढणारा जसा मागे आदळतो, तसं शपथेच्या दुसऱ्या दिवशी होतं. दारू गेलेली असते, मेंदूचा उलटा जोर तसाच असतो. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, माणूस घरच्यांना ओळखत नाही. यात जीवही जातो. आणि घरी काय म्हणतात? शपथ मोडायचं मनात आलं म्हणून देवाने दाखवलं, नाहीतर कुणीतरी करणी केली. त्या दोन दिवसांत गाडी काढून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं असतं तर बरा झाला असता, असा माणूस मग अंगाऱ्यावर ठेवला जातो.

जाता जाता सलाइनबद्दल. आपल्या लोकांना बाटली चढली की समाधान वाटतं. पण बरीच वर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. गावातल्या डॉक्टरांना पेशंट पितो हे स्पष्ट सांगा. अब्रू जाईल म्हणून लपवू नका.

डॉक्टर अशा वेळी डायझेपामच्या घराण्यातली औषधं देतात, कारण तीही गाबाच्याच रिसेप्टरवर काम करतात, आणि मग मात्रा हळूहळू उतरवत आणतात. आता गंमत बघा. हीच औषधं मागायला रोज कोणीतरी माझ्या काउंटरवर उभं असतं. "काका, तेवढी झोपेची गोळी द्या की, चिठ्ठी उद्या आणतो." ती उद्याची चिठ्ठी अजून कुणी आणलेली नाही. याच घराण्यातली अल्प्राझोलाम काही महिने रोज घेतलेल्या माणसाने एकदम बंद केली तरी दारूसारखीच फिट येऊ शकते. म्हणून चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही, आणि ज्याला डॉक्टरने दिली आहे त्याला मनाने बंदही करू देत नाही.

दुसरी चिंता ट्रामाडॉलची. कंबरदुखी, गुडघेदुखीसाठी दिलेली ही गोळी अफूच्याच रिसेप्टरवर बसते. 2018 पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. रोज घेत गेलं की रिसेप्टर दाद देईनासे होतात, मात्रा वाढत जाते. ही तुटल्यावर अंग मोडून येतं, जुलाब होतात, पण बहुतेकांचा जीव जात नाही. खरा धोका पुढे आहे. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात किंवा कोठडीत काढलेल्या मुलाची सवय उतरलेली असते. बाहेर येऊन तो पहिल्याइतक्याच गोळ्या घेतो, आणि श्वास मंदावतो. सुटून आलेल्या पोराच्या आईवडिलांना हे कुणीही सांगत नाही.

तंबाखूवर निपाणीकडची कितीतरी घरं जगली, 1981 च्या आंदोलनात तिथला शेतकरी रस्त्यावर उतरला, त्यामुळे तिच्याविरुद्ध बोलणं आपल्याकडे जड जातं. एवढंच लिहितो: निकोटीनचे रिसेप्टर सवयीने कमी होत नाहीत, उलट वाढतात. ते रिकामे राहिले की चिडचिड होते, आणि चुना मळून बार भरल्यावर जो ताण उतरल्यासारखा वाटतो, त्यातला बराचसा तंबाखूनेच आणलेला असतो.

मग वर्षभर माळ पाळलेला माणूस एके दिवशी पुन्हा का पितो? लोक म्हणतात, मनाचा कच्चा. मला ते पटत नाही. ताण आला की मेंदूत सीआरएफ नावाचं रसायन सुटतं, त्याच्या इशाऱ्यावर पुढे कॉर्टिसॉल रक्तात येतं. दारू तुटल्यावरच्या बेचैनीतही याच सीआरएफचा हात असतो. म्हणजे उसाच्या थकलेल्या बिलाची काळजी किंवा उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून कमी केल्याचा धक्का, आणि दारूची तलफ, यांची मेंदूतली वाट बरीचशी एकच. नशेची सवय पूर्ण मोडलेल्या उंदरांना प्रयोगशाळेत नुसता हलका विजेचा झटका दिला तरी दाबल्यावर नशा मिळायची त्या कळीकडे ते पुन्हा धावतात. उंदराला कुणी मनाचा कच्चा म्हणत नाही. शिवाय दीर्घ व्यसनात डोपामाइनचे डी-2 रिसेप्टर घटलेले मेंदूच्या चित्रणात दिसतात. सोडल्यावर काही महिने जत्रा, मटण, नातवंडं कशातच गोडी लागत नाही. घरचे म्हणतात, दारू सोडल्यापासून आळशी झाला. त्याच काळात सावकार दारात आला की काय होणार ते सांगायला नको.

माझ्या मागण्या साध्या आहेत. तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, दारू सोडल्यावर कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही, याचा फलक कन्नडबरोबर मराठीतही लावावा. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याचं धोरण जुनंच आहे. मोर्चा न काढता हे एवढं तरी व्हावं. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. फिट आलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

आणि आपल्याला विनंती अशी, की गांजा पकडल्याच्या बातमीखाली दोन ओळींची चौकट द्यावी: व्यसनमुक्तीसाठी 14446, मानसिक त्रासासाठी टेलिमानस 14416, आणि उपचारांसाठी धारवाडची मानसोपचार संस्था डिमहान्स. पोलिसांच्या फोटोची जागा थोडी कमी केली तर सहज मावेल.

आपला,
एक औषधविक्रेता
ता. खानापूर, जि. बेळगाव