माझे ‘पण’ कुठे गेले?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मंगळवारच्या अंकात आमच्या देवस्थानाच्या नव्या संकेतस्थळाची बातमी आहे. मथळा ‘सर्व स्तरांतून स्वागत’. खाली चौकटीत ‘एका ज्येष्ठ भाविक महिलेची बोलकी प्रतिक्रिया’. ती ज्येष्ठ भाविक महिला म्हणजे मी. शब्दही माझेच आहेत. फक्त ती प्रतिक्रिया नव्हती, तक्रार होती.

ज्यांनी त्या अंकात एव्हाना चणे बांधले असतील त्यांच्यासाठी चौकट पुन्हा उतरवते: ‘सप्रेम नमस्कार. नवे संकेतस्थळ पाहिले. रंगसंगती प्रसन्न आहे, देवळाच्या दीपस्तंभाचे छायाचित्र तर अप्रतिम. लहानपणाची आठवण झाली. आपण तरुण मंडळींनी एवढे कष्ट घेतलेत याचे मनापासून कौतुक वाटते.’

शेवटचा पूर्णविराम आपला आहे. संकेतस्थळावर जाऊन बघा, तिथे ‘वाटते’च्या पुढे स्वल्पविराम आहे आणि त्याच्यापुढे एकटाच ‘प’ लोंबतो आहे. तो ‘पण’चा प. आपल्या उपसंपादकांना तो दिसला असणार, नाहीतर त्यांनी तो खुडून टाकला नसता. वाक्य अर्धवट आहे एवढे कळले, मग उरलेले अर्धे कुठे आहे असे विचारावेसे वाटले नाही? असो. सकाळची घाई असेल.

आमच्या पिढीला पत्र लिहायला असेच शिकवले. आधी नमस्कार, मग चार बरे शब्द, मग मुद्दा. आल्या आल्या कोणाच्या अंगावर ओरडायचे नाही. त्या सुजनपणाची किंमत मोजली. सुजनपणा तेवढा राहिला, मुद्दा गेला.

झाले ते असे. ‘आपल्या सूचनांचे स्वागत आहे’ या पानावर एक चौकोन आहे. ‘५०० अक्षरांपर्यंत’ असे त्यावर स्पष्ट लिहिले आहे. मी लिहीत गेले तसा कोपऱ्यातला आकडा चढत गेला. ४८२ वर मी थांबले. नियम मोडायची मला सवय नाही. निळे बटण दाबले, धन्यवादाचे कमळ उमलले. दुसऱ्या दिवशी बघते तर अभिप्रायांच्या पानावर माझी स्तुती झळकते आहे आणि तक्रारीचा पत्ता नाही.

मला आधी वाटले, समितीने मुद्दाम कापले. तसे मी दोघा-तिघांना बोलूनही दाखवले, त्याबद्दल समितीची इथेच माफी मागते. माझा भाचा पर्वरीला संकेतस्थळे बनवायच्याच कामात आहे. तो रविवारी आला, मोबाइलवर खटपट केली आणि म्हणाला, “मावशे, तो अक्षरां मेजना, बायट मेजता.” म्हणजे कोपऱ्यातला आकडा अक्षरे मोजतो, पण आत जिथे मजकूर साठवायचा तिथे अक्षरे मोजत नाहीत, बाइट मोजतात (बाइट म्हणजे संगणकाचे साठवणीचे माप), आणि जागा ५०० बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरते, देवनागरीच्या अक्षराला तीन लागतात. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडायचे चिन्हही वेगळे, आणि प्रत्येकाला तीन. मोबाइलच्या मेसेजलाही हीच गत म्हणे, इंग्रजीत १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०.

ऐकून खरे वाटेना, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन सोप्यावर बसले. लोंबणाऱ्या ‘प’पर्यंत अक्षरे, काने-मात्रे, अनुस्वार सगळे मिळून १५६. गुणिले तीन, ४६८. मोकळ्या जागा २६, विरामचिन्हे सहा, त्यांना एकेक बाइट. बेरीज बरोबर ५००! म्हणजे माझा ‘प’ शेवटच्या जागेवर टेकला आणि ‘ण’ दाराबाहेर राहिला. ४८२ पैकी १८८ आत, २९४ बाहेर. मराठी माणसांसाठी काढलेल्या संकेतस्थळावर इंग्रजीत लिहिणाऱ्याला पूर्ण चौकोन आणि मराठीत लिहिणाऱ्याला जेमतेम तिसरा हिस्सा. आणि हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण बनवताना प्रत्येकाने ‘टेस्ट टेस्ट’ असेच लिहून बघितले असणार.

मी मोजते म्हणून हसू नका. मी तार खात्यात २९ वर्षे काढली. गिऱ्हाईक फॉर्म भरून द्यायचे, आम्ही पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजायचो, आकडा सांगायचो. पैसे कमी पडले तर गिऱ्हाईक स्वतः ठरवायचे कुठला शब्द काढायचा ते. एकदा एका म्हाताऱ्याने ‘स्टार्ट इमिजिएटली’मधला ‘इमिजिएटली’ काढला आणि मग दारापर्यंत जाऊन परत आला, खिशातली चिल्लर ओतली आणि तो शब्द पुन्हा घालून घेतला. आम्ही एक शब्द जरी न सांगता गाळला असता तरी खुलासा द्यावा लागला असता. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली. त्याआधीच मी निवृत्त झाले होते, तरी त्या दिवशी जेवण गेले नाही. आता सगळे फुकट आणि क्षणात जाते म्हणतात. जाते खरे, किती जाते ते सांगत नाहीत.

बरे, त्या २९४ अक्षरांत काय होते?

रंग प्रसन्न आहे म्हटले ते खोटे नव्हते. पण फिक्या पिवळ्यावर करड्या रंगाची बारीक अक्षरे मला चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत निदान साडेचारास एक इतका फरक असावा असा जगभर मानलेला दंडक आहे, भाच्याने मोजला तर आमचा दोनच्याही खाली निघाला. पान उघडल्याबरोबर घंटानाद होतो, तो बंद करायचे बटण नाही. मी ते बँकेच्या रांगेत उघडले होते, पुढे लिहीत नाही. पालखी कधी, जत्रेची तिथी कुठली, अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली आहे की नाही, हे आधी पहिल्याच पानावर असायचे. आता तीन आडव्या रेघांच्या आत, त्याच्या आत, ‘सेवा आणि सुविधा’च्या आत आहे. आमचे कुळावी, म्हणजे इथल्या देवाला कुलदैवत मानणारी घराणी, कारवार-मंगळूरपासून मुंबईपर्यंत पांगलेले. त्यांना ड्रोनमधून देवळाचा कळस बघायचा नसतो, सुट्टी कधी टाकायची ते बघायचे असते. आणि शोधायच्या जागी ‘मडगाव’ लिहिले तर काही सापडत नाही, ‘मडगांव’ लिहिले तर सापडते. अनुस्वारावरून एवढा सोवळेपणा भटजीसुद्धा पाळत नाहीत.

हे सगळे मी चार ओळींत उरकले होते. उरलेली जागा एकाच गोष्टीसाठी ठेवली होती. ‘जुने दिवस’ नावाचे पान कुठे गेले?

ते पान दिसायला काही नव्हते. पांढऱ्या कागदावर टाचणीने चिकटवल्यासारखी चित्रे. पण त्यात जत्रेच्या नाटकांची हँडबिले होती. गावातल्या घराघरांतून, पेट्यांच्या तळातून गोळा केलेली. एक माझ्या बाबांचे होते. १९५६ सालचे, गुलाबी कागदाचे, घडीवर विरलेले. बाबा त्या वर्षी नायिका होते. नावापुढे ‘श्री.’ आणि कंसात नायिकेचे नाव. मधल्या ओळीत ‘पेट्रोमॅक्सच्या झगझगीत उजेडात’ असे लिहिले होते आणि खाली उजव्या कोपऱ्यात जांभळा शिक्का, पोर्तुगीज सेन्सॉरचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य, नाटकाची वही आधी सरकारदरबारी दाखवावी लागे. बाबा सांगायचे, तिसऱ्या अंकातली सहा वाक्ये त्यांनी तांबड्या शाईने काटली होती. कुठली काटली ते दिसायचे तरी. आमच्याकडे ती वही बरीच वर्षे होती आणि आम्ही मुले मुद्दाम तेवढीच वाक्ये मोठ्याने वाचायचो.

मूळ हँडबिल मी २००९ साली स्कॅनिंगला दिले. ते परत आले, दोन पावसाळ्यांनी त्याला वाळवी लागली. म्हटले, असू दे, संकेतस्थळावर आहे ना. तेव्हापासून बाबांच्या तिथीला मी ते पान उघडायची. यंदा उघडले तर ‘क्षमस्व, हे पान सापडले नाही’ आणि भिंग घेऊन शोधणारा उंदीरमामा. उंदीर फार गोड काढला आहे.

भाच्याने तेही शोधून पाहिले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला इंटरनेट आर्काइव्ह म्हणून एक संस्था आहे, १९९६पासून ती जगभरच्या पानांच्या नकला जपते. आमच्या देवस्थानाचे ‘जुने दिवस’ तिथे आहे! २०१६ सालची नक्कल. वरचे शीर्षक आहे, बाबांचे नाव आहे, वर्ष आहे, ‘देणगीदार’ म्हणून माझेही नाव आहे. चित्राच्या जागी रिकामा चौकोन आणि त्यात एक छोटी फाटकी आकृती. चित्र तेवढे उचलले गेले नाही. सातासमुद्रापलीकडच्या, आमचे देऊळ कधी न बघितलेल्या लोकांनी निदान चौकोन तरी ठेवला.

मी चिटणीसांकडे गेले. भले गृहस्थ. म्हणाले, “बाय, जुनी साइट ज्याच्याकडे होती तो आता दुबईला. पासवर्ड त्याच्याकडेच. आणि नव्या मुलांनी सांगितले, जुने सामान भरले की पान जड होते.” ड्रोनचा व्हिडिओ जड होत नाही, हँडबिले जड होतात. मी म्हटले, दुबईला फोन लावा. म्हणाले, सूचना ऑनलाइन टाका, समितीपुढे ठेवतो. मग काय, पुन्हा तोच चौकोन.

टाकली. यावेळी नमस्कार-चमत्कार न घालता पहिल्याच शब्दापासून मुद्द्यावर आले, अक्षरे मोजून १५० च्या आत बसवली. ती अजून अभिप्रायांच्या पानावर आलेली नाही. जागा असूनही.

उलट निरोप आला की उत्कृष्ट अभिप्रायाबद्दल जत्रेच्या दिवशी माझा श्रीफळ देऊन सत्कार आहे. नारळाचे आजचे भाव बघता मी तो घेणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण माइक हातात दिला तर वाक्य पूर्ण करीन.

आपल्याला विनंती दोन. मंगळवारच्या चौकटीचा खुलासा करावा, आणि तो त्याच पानावर, छोट्या जाहिरातींच्या खाली नव्हे. दुसरी विनंती खरे म्हणजे वेगळ्या पत्राची आहे, पण लिहायला बसलेच आहे तर. आपल्या ई-पेपरवर गेल्या महिन्यापासून निधनवार्तांचे पान उघडायला नाव, ईमेल आणि मोबाइल क्रमांक मागतात. आमच्या वयाची माणसे सकाळी आधी तेच पान बघतात हे आपल्यालाही माहीत आहे, म्हणून तर तिथे कुलूप लावले. मी क्रमांक दिला. तेव्हापासून रोज कोणीतरी वैयक्तिक कर्ज घ्या म्हणून फोन करते.

‘पत्रे २५० शब्दांत असावीत’ हा आपला नियम मी वाचला आहे आणि तो मोडला आहे, तोही जाणूनबुजून. आपण कापणारच. कुठेही कापा, घंटेचा भाग गेला तरी चालेल. जिथे कापाल तिथे तीन टिंबे तेवढी द्या. आणि ज्यांच्या घरी १९५६ च्या जत्रेचे गुलाबी हँडबिल अजून असेल, त्यांनी कृपया आपल्या कार्यालयात कळवावे. मी स्वतः येऊन फोटो काढून नेईन, कागद मागणार नाही.

नाव छापू नये. चिटणीसांची बायको आणि मी एकाच भजनी मंडळात आहोत.

आपली,
एक वाचक,
फोंडा